एअरगन घ्यायचीय? मग खिशात दहाचं नाणं ठेवा!

देऊळगाव राजाची बालाजीची यात्रा असो, नाहीतर होळीच्या सुमारास भरणारी सैलानीची. आकाशपाळणे, रेवड्या, बांगड्या यांच्या गर्दीत एक दुकान हमखास दिसतंच. मागे उभी फळी, फळीवर रंगीबेरंगी फुगे आणि पुढे टेबलावर दोन-तीन बंदुका. पैसे द्या, नेम धरा आणि फट्! फुगा फुटला तर शाबास, नाही फुटला तर मित्र हसायला तयारच.

तिथून घरी आलं की आपल्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. "बाबा, मला एअरगन घ्या ना!" बाबा म्हणतात, "परीक्षेनंतर बघू." आई म्हणते, "डोळा फुटला म्हणजे?" आणि आजोबा म्हणतात, "घे की, वान्नेरं तरी हाकलता येतील वावरातली!" तिघांचं तीन तऱ्हेचं म्हणणं. मग ऐकायचं कुणाचं?

म्हणून यावेळी आपल्या सदरात स्प्रिंगच्या एअर रायफली. कुठली चांगली, कशी पारखायची, आणि मुळात घ्यायची की नाही? आई-बाबांनाही शेजारी बसवा. शेवटचा निर्णय त्यांचा आहे आणि खिसाही त्यांचाच!

आत असतं काय?

सायकलचा पंप घ्या. दांडा वर ओढा, हवेच्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडा खाली रेटा. थोडा जातो आणि मग हवा त्याला उलटा ढकलते. दाबलेली हवा म्हणजे एक अदृश्य स्प्रिंगच.

एअर रायफलीत असाच एक पंप असतो. फरक एवढाच की दांडा रेटायला तुमचा हात नसतो, पोलादी स्प्रिंग असते. बंदूक ताणताना तुम्ही ती स्प्रिंग आवळता. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा बारीक भोकातून घुसून छर्ऱ्याला नळीबाहेर उडवते. दारू नाही, धूर नाही. ताकद सगळी तुमच्याच हाताची, क्षणभर स्प्रिंगमध्ये ठेव म्हणून ठेवलेली.

छर्रा शिशाचा असतो आणि आकाराने डमरूसारखा, म्हणजे मधे बारीक आणि दोन्हीकडे रुंद. नळीच्या आत पिळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे छर्रा भोवऱ्यासारखा फिरत जातो आणि भोवऱ्यासारखाच डगमगत नाही.

आता एक गंमत. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते. दट्ट्या टोकाला जाऊन आदळतो तेव्हा ती पुढे झटका खाते. आणि हे सगळं होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो! म्हणजे बंदूक हलत असतानाच छर्रा बाहेर पडतो. म्हणूनच स्प्रिंगची बंदूक आवळून धरली की नेम चुकतो. ती हलक्या हाताने आणि दरवेळी अगदी एकसारखी धरावी लागते. ज्याला स्प्रिंगची बंदूक जमली, त्याला पुढे कुठलीही जमते, असं नेमबाज म्हणतात ते काही उगाच नाही.

तीन घराणी

स्प्रिंगच्या रायफलींची ताणायच्या पद्धतीवरून तीन घराणी पडतात.

पहिलं घराणं नळी मोडायचं. नळी मधोमध बिजागरीवर दुमडते. दुमडताना स्प्रिंग ताणली जाते, उघड्या तोंडात छर्रा घालायचा आणि नळी परत सरळ करायची. यात्रेतली बंदूक याच घराण्यातली. जर्मनीतल्या रास्टाट गावच्या डायना कंपनीची २७ नंबरची आणि वायराउख कंपनीची एचडब्ल्यू ३५ ही या घराण्यातली जुनी, नावाजलेली मंडळी. या बंदुका हलक्या, साध्या, दुरुस्तीला सोप्या आणि स्वस्त. खोट एकच. बिजागरी ढिली झाली की नळी दरवेळी थोडी वेगळ्या जागी बसते आणि नेम गेलाच म्हणून समजा.

दुसरं घराणं खालच्या दांड्याचं. नळी जागची हलतच नाही. तिच्याखालचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज या बंदूक बनवणाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी रायफल तयार केली आणि बीएसए कंपनीने ती १९०५ च्या सुमारास बाजारात आणली. आजही वायराउखची एचडब्ल्यू ७७ याच घराण्यातली. अचूकपणात ही पुढे, पण वजनाने आणि किमतीनेही भारी. सातवी-आठवीतल्या मुलामुलींच्या हाताला चार किलोची बंदूक पेलवत नाही. हात थरथरायला लागला की अचूकपणाचा उपयोग काय?

तिसरं घराणं बाजूच्या दांड्याचं. यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीची ३०० नंबरची. हिची युक्ती ऐका. चाप ओढला की नळीसकट सगळी यंत्रणा लाकडी दस्त्यावर रुळावरच्या डब्यासारखी किंचित मागे सरकते आणि झटका तिथेच जिरतो. खांद्याला काही कळतही नाही. १९७० च्या दशकात जगभरच्या स्पर्धांत ती गाजली. १९८४ साली लॉस एंजेलिसला १० मीटर एअर रायफल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. आज तिथे आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफली वापरतात. त्यांची किंमत लाखांत असते. आपला तो विषय नाही.

आणि आपल्या देशातलं काय? आहे ना! सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली सुरू केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटच्या पाइपांसाठी माहीत आहे. याच कंपनीने एअर रायफलीही बनवल्या. कुणाच्या माळ्यावर 'आयएचपी' अशी अक्षरं असलेली जुनी बंदूक सापडली, तर ती यांचीच. अलीकडे मुंबईजवळची प्रिसिहोल ही कंपनीही स्प्रिंगच्या रायफली बनवते. पहिल्या बंदुकीसाठी देशी, नळी मोडायची, हलकी रायफल पुरेशी आहे. सुटे भाग मिळतात, हे त्यातलं मोठं सुख.

खोक्यावरचा आकडा

दुकानात गेलात की दुकानदार म्हणेल, "ही घ्या, १००० फूट स्पीड!" आपण लगेच खूश. थांबा, जरा नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचं निम्मं गुणिले वेगाचा वर्ग. आठवलं?

नेहमीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा होते १० ज्यूल. म्हणजे किती? एक किलो गुळाची ढेप एक मीटर उंचीवरून पडली तर साधारण तेवढीच. पण ढेप पायावर पसरून आदळते आणि छर्रा ४.५ मिलीमीटरच्या टोकाने घुसतो. म्हणूनच तो खेळणं नाही.

आता १००० फूट म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला हा वेग असेल तर ऊर्जा २३ ज्यूलच्या वर जाते. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलीमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो! मग परवान्याशिवाय विकतात ती बंदूक एवढा वेग कसा दाखवते? सोपं आहे. ०.३ ग्रॅमचा हलका छर्रा घालून वेग मोजायचा. ऊर्जा येते जेमतेम १४ ज्यूल, पण आकडा मोठा दिसतो. तुम्ही नेहमीचा छर्रा घातलात की तो आकडा खाली येणारच.

शिवाय १० मीटरवरचा कागद फाडायला वेग हवाय कुणाला? जास्त ताकदीची स्प्रिंग म्हणजे ताणायला जास्त जोर, जास्त झटका आणि जास्त चुका. पहिली बंदूक कमी ताकदीचीच घ्यावी.

दहाच्या नाण्याची परीक्षा

यात्रेत फुगा चुकला की आपण म्हणतो, "बंदूकच वाकडी आहे!" खरं असेलही. पण एक विचार करा. बंदूक दरवेळी बरोब्बर दोन बोटं डावीकडे मारत असेल तर? मग ती वाईट नाहीच. मागची खाच थोडी सरकवली की काम झालं. वाईट बंदूक ती, जी एकदा डावीकडे मारते, एकदा उजवीकडे आणि एकदा देवाला ठाऊक कुठे. तिला कुठलाही मेकॅनिक सरळ करू शकत नाही.

म्हणून बंदूक पारखताना 'मध्यावर लागते का' हे बघू नका. 'एकाच जागी लागते का' हे बघा. रीत अशी:

१. दुकानदाराला किंवा जुनी बंदूक विकणाऱ्याला सांगा, १० मीटरवर कोरा कागद लावून द्या. त्यामागे छर्रा अडेल असं काहीतरी हवं.

२. ज्याला नेम येतो अशा मोठ्या माणसाने बसून, कोपर टेकवून, एकाच डब्यातले पाच छर्रे एकाच ठिपक्यावर नेम धरून मारावेत.

३. पाचही भोकांवर दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलीमीटरचं असतं. पाचही भोकं त्याखाली लपली तर बंदूक घ्यायला हरकत नाही. ठिपक्यापासून लांब असली तरी चालतील.

४. भोकं पसरली असतील तर दुसऱ्या प्रकारचा छर्रा घालून पाहा. प्रत्येक नळीला आपला आवडता छर्रा असतो. तरीही पसरली, तर राम राम म्हणायचं आणि पुढच्या दुकानात जायचं.

आणखी चार गोष्टी हाताने तपासा. नळी बंद करून आडवी हलवा, बिजागरी खुळखुळता कामा नये. बंदूक ताणलेली नाही, आत छर्रा नाही, याची मोठ्यांनी खात्री केल्यावर नळी मोडून उजेडाकडे धरा आणि छर्रा घालतो त्या बाजूने बघा, पीळ स्वच्छ दिसले पाहिजेत. पुढची माशी सरळ आहे ना ते पाहा. दस्त्याला, विशेषतः मुठीच्या जागी, चीर नको.

जुनी बंदूक मिळत असेल तर नाक मुरडू नका. स्प्रिंगच्या बंदुकीत बिघडण्यासारखं मुळात थोडंच असतं. स्प्रिंग आणि दट्ट्याचा वॉशर बदलला की पन्नास वर्षांची म्हातारीही पुन्हा ठणठणीत होते. जुन्या बंदुकीत बऱ्याचदा चामड्याचा वॉशर असतो, आजीच्या स्टोव्हच्या पंपात असायचा तसाच. तो सुकला की हवा निसटते. जाणकाराकडून तेलाचे दोन थेंब पाजले की पुन्हा फुलतो. पण मोठा आवाज काढायला आत रॉकेल किंवा पातळ तेल ओतणारे शहाणे असतात, त्यांचं ऐकू नका. दाबलेल्या गरम हवेत तेल पेट घेतं आणि स्प्रिंग, वॉशर दोन्ही जातात.

छर्रा थांबणार कुठे?

दोस्तांनो, बंदुकीच्या आधी विकत घ्यायची वस्तू म्हणजे वाळूने भरलेलं जाड पोतं, किंवा जुन्या कपड्यांनी गच्च भरलेली लाकडी पेटी. कारण आकाशाकडे मारलेला छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो. तुमच्या वाड्यापासून तेवढ्या अंतरात किती घरं, किती माणसं, किती गुरं आहेत, मोजा बरं! छर्रा कुठे थांबणार हे ज्याला आधीच माहीत नाही, त्याने चापाला बोट लावू नये. मागे भिंत किंवा दगड असेल तर छर्रा उसळून परतही येतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. नेम धरणाऱ्याच्या आणि बघणाऱ्यांच्याही.

हे नियम कागदावर लिहून बंदुकीजवळ लावा:

- मोठं माणूस शेजारी नसेल तर बंदूक कपाटात, कुलपात. छर्रे वेगळ्या जागी.
- बंदूक भरलेली असो वा नसो, तोंड कुणाकडेही करायचं नाही. गमतीत तर नाहीच नाही.
- नळी मोडून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. सुटली तर बोट चेंगरतं.
- छर्रा न घालता चाप ओढू नका. समोर अडवणारं काही नसल्याने दट्ट्या धाडकन आदळतो.
- ताणलेली बंदूक तशीच ठेवून जेवायला जाऊ नका.
- छर्रे तोंडात धरू नका. शिसं विषारी असतं. खेळ संपला की हात साबणाने धुवा.

आणि आजोबांची वान्नेरं?

आता आजोबांना कोण सांगणार? आपण सगळे मिळून सांगू.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या प्राण्या-पक्ष्यांची शिकार करायला बंदी आहे. बंदूक परवान्याची आहे की बिनपरवान्याची, याने काही फरक पडत नाही. गलोलीने मारलं तरी गुन्हा तो गुन्हाच. बिनपरवान्याची बंदूक म्हणजे बिनपरवान्याची शिकार नव्हे. वान्नेर काय, रोही काय, छर्ऱ्याने मरत नाही. जखम घेऊन पळतं आणि आठवडाभर कुजत राहतं. रानडुकरांनी, रोह्यांनी पिकाचं नुकसान केलं तर वनविभागाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. तो रस्ता लांबचा वाटला तरी बरोबर आहे.

पक्ष्यांचं तर आणखीच वेगळं. आपल्या जिल्ह्यात कपाशी भरपूर. कृषी खात्याची माणसं सांगतात म्हणून बाबा पऱ्हाटीत इंग्रजी 'टी'च्या आकाराचे पक्षिथांबे उभे करतात. का? तर त्यावर कोतवाल, साळुंक्या बसाव्यात आणि अळ्या वेचून खाव्यात. बाबांनी पाहुण्याला बसायला पाट मांडायचा आणि मुलाने त्याच पाटावर बसलेल्या पाहुण्याला छर्रा मारायचा, शोभतं का हे?

आपल्या जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे, २०२० साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अशी अभयारण्यं आहेत. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोहोचला होता. त्याला आपला जिल्हा राहण्याजोगा वाटला. तो तसाच राहावा.

दूरवरच्या अरुणाचल प्रदेशात तर उलटीच मोहीम निघाली. तिथे एअरगनने पक्षी मारायची सवय फार. २०२१ साली सरकारने हाक दिली, "एअरगन परत करा." लोकांनी हजारांहून जास्त बंदुका आपणहून आणून दिल्या. रान गप्प होत चाललंय हे त्यांना कळलं, म्हणून. आपल्यावर ती वेळ येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

न घेताही नेम शिकता येतो

घरी जागा नाही, पैसे नाहीत, की आईचा जीव धजावत नाही? हिरमुसू नका. एनसीसीत नेमबाजी शिकवतात. मुंबईची अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. शालेय क्रीडा स्पर्धांतही रायफल शूटिंग असतं. त्यात साध्या माशी-खाचेच्या बंदुकांचा 'ओपन साइट' असा वेगळा गटही असतो. शाळेतल्या खेळाच्या सरांना किंवा बुलढाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून बघा.

आणि खेड्यातल्या मुलांनी तर मुळीच मागे राहू नये. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्याला घडवलं ते शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने.

दोन शब्द आई-बाबांना

बंदूक घ्यायची ठरलीच, तर ती तुमच्या नावावर, तुमच्या ओळखपत्रावर आणि पावती घेऊनच घ्या. घरी आणण्याआधी मुलाला किंवा मुलीला तीन प्रश्न विचारा. छर्रा कुठे थांबणार? किल्ली कुणाकडे राहणार? फांदीवर साळुंकी बसली तर तू काय करणार? तिन्ही उत्तरं न अडखळता आली तर दहाचं नाणं खिशात टाकून दुकानात जा. एखादं उत्तर अडलं, तर वर्षभर थांबा. बंदूक कुठे पळून जात नाही.

आणि दोस्तांनो, १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो माहीत आहे? फक्त अर्ध्या मिलीमीटरचा! पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढा, १० पावलं मागे जा आणि तो दिसतो का बघा. साळुंकी त्यापुढे केवढी मोठी! सोपं निशाण कुणालाही लागतं. अवघड निशाण निवडतो तो खरा नेमबाज.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!